कोणता ग्रह किती तापतो, आणि का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांमध्ये आकाशदर्शनाचे कार्यक्रम करताना ग्रहांच्या तापमानाबद्दलचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही मुलांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले आहेत, तर काही पालकांनी आणि शिक्षकांनी नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रह गरम की थंड, हे नेमकं कशावर ठरतं?

ग्रहाला जेवढी उष्णता मिळते तेवढीच तो अवकाशात सोडू लागला, की त्याचं तापमान स्थिरावतं. कमी सोडत असेल तर तो तापत जातो, आणि तापला की जास्त सोडू लागतो. हा तोल कोणत्या तापमानाला साधला जाईल, हे सूर्यापासूनच्या अंतरावर तर अवलंबून असतंच. पण आलेल्या उन्हातलं किती ऊन ग्रह तसंच माघारी पाठवतो, त्याच्याभोवती हवा किती आणि कसली आहे, तो स्वतःभोवती किती वेगानं फिरतो, त्याचा अक्ष किती कललेला आहे आणि त्याच्या पोटातून किती उष्णता वर येते, हेही बघावं लागतं. शाळेत आपण अंतरावरच थांबतो. माझ्या मते सुरुवात हवेपासून करायला हवी, कारण मुलांना पडणारे निम्मे प्रश्न हवेपाशीच सुटतात.

२. अंतर दुप्पट झालं की ऊन निम्मं होतं का?

निम्मं नाही, चौथाई होतं. कारण तेच ऊन चौपट क्षेत्रावर पसरतं. पृथ्वीजवळ सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॉट ऊन पडतं. बुधाजवळ हा आकडा सरासरी ९,००० च्या वर जातो, शुक्राजवळ २,६०० असतो, मंगळाजवळ ५९०, गुरूजवळ ५० आणि नेपच्यूनजवळ जेमतेम दीड वॉट.

तापमान मात्र इतक्या झपाट्यानं उतरत नाही. वस्तू तापली की ती बाहेर टाकत असलेली उष्णता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या (म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेल्या तापमानाच्या) चौथ्या घातानं वाढते. त्यामुळे ऊन चौथाई झालं तर निरपेक्ष तापमान सुमारे ७१ टक्के उरतं. उन्हात २७ अंशांवर स्थिरावलेला बिनहवेचा गोळा दुप्पट अंतरावर नेला, तर तो उणे ६१ अंशांच्या आसपास स्थिरावेल.

३. वर गेलं की आपण सूर्याच्या जवळ जातो. मग महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा थंड का?

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा सहाशेच्या आसपास मीटर उंच. एवढ्या फरकानं उन्हात काहीच बदल होत नाही. बदल होतो तो हवेत.

ऊन हवेला फारसं तापवत नाही. ते जमिनीला तापवतं आणि जमीन हवेला. तापलेली हवा वर चढते तेव्हा तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते आणि पसरताना थंड होते. आपल्या वातावरणात सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईत आलात की तीन-चार अंशांचा फरक पडतो, तो यामुळेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, शुक्राचं कोडं तिच्याशिवाय सुटत नाही.

४. सूर्याच्या सगळ्यांत जवळ बुध आहे. मग सगळ्यांत गरम ग्रह शुक्र कसा?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच.

बुधाला हवा जवळजवळ नाहीच. दिवसा तिथली जमीन ४३० अंशांपर्यंत तापते आणि रात्री उणे १८० अंशांपर्यंत उतरते, कारण उष्णता अडवून धरणारं तिथे काही नाही. शुक्रावर दिवस असो वा रात्र, विषुववृत्त असो वा ध्रुव, जमिनीवर सुमारे ४६५ अंश तापमान असतं. शिसं ३२७ अंशांनाच वितळतं, यावरून अंदाज करा.

शुक्राच्या जमिनीवर हवेचा दाब पृथ्वीच्या ९२ पट आहे आणि त्या हवेत ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. हा वायू दिसणारा प्रकाश जाऊ देतो, पण तापलेल्या वस्तूंमधून निघणारे अवरक्त किरण शोषून घेतो. त्यामुळे शुक्राच्या जमिनीवरची उष्णता थेट अवकाशात जाऊच शकत नाही. ती एका थरातून दुसऱ्या थरात शोषली जात, पुन्हा बाहेर पडत वर सरकते आणि साधारण ६० ते ७० किलोमीटर उंचीवर, ढगांच्या माथ्याशी पोचल्यावर मोकळी सुटते. त्या उंचीवर तापमान उणे ४० च्या आसपास असतं. आता तिथून खाली उतरा. उत्तर ३ मध्ये सांगितलेलंच इथे घडतं: दर किलोमीटरला सात-आठ अंश वाढत जातात. पसरणी घाटाचा उतार जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा, हा साठ-पासष्ट किलोमीटरचा. गुणाकार केलात की तळाशी ४६५ अंश का, ते कळतं.

या उतारावर मध्येच, ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर, दाब आणि तापमान पृथ्वीच्या बरंच जवळ येतं. १९८५ साली सोव्हिएत संघाच्या वेगा यानांनी तिथे दोन फुगे सोडले होते. ते सुमारे दोन दिवस तरंगत माहिती पाठवत राहिले. अर्थात तिथले ढग सल्फ्युरिक आम्लाचे आहेत.

५. शुक्राचे पांढरे ढग ऊन परत पाठवतात म्हणे. मग तो थंड असायला नको?

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि ढग ऊन खरोखरच परत पाठवतात. शुक्रावर पडणाऱ्या उन्हातलं सुमारे तीन चतुर्थांश ऊन माघारी जातं. पृथ्वी ३० टक्के पाठवते. हिशेब केला तर सूर्याच्या जवळ असूनही शुक्र दर चौरस मीटरमागे पृथ्वीपेक्षा कमी ऊन शोषतो! हवेचा परिणाम नसता तर इतक्या उन्हात त्याचं तापमान उणे चाळिसाच्या आसपास राहिलं असतं. पृथ्वीचं तसंच गणित केलं तर उणे १८ येतं, प्रत्यक्षात सरासरी १५ आहे. म्हणजे आपल्या हवेची कमाई ३३ अंशांची आणि शुक्राच्या हवेची पाचशेच्या वर.

ढगांची ही दुहेरी वागणूक तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदारांना चांगली माहीत आहे. डिसेंबरमध्ये आभाळ निरभ्र असलं की पहाटे पारा खाली जातो. ढगाळ झालं की रात्रीची थंडी पळते आणि दावण्याची (द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगाची) धास्ती सुरू होते. दिवसा ऊन अडवणारा ढग रात्री जमिनीची उष्णता अडवतो. शुक्रावर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि दुसरी पहिलीला भारी पडते.

६. इतक्या गरम ग्रहाचं तापमान मोजलं कुणी?

१९६२ साली अमेरिकेच्या मरिनर-२ यानानं शुक्राजवळून जाताना तिथली जमीन भयंकर तापलेली असल्याचं दाखवलं. १५ डिसेंबर १९७० रोजी सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-७ जमिनीवर उतरलं आणि तिथून २३ मिनिटं संदेश पाठवत राहिलं. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून आलेली ती पहिली माहिती. १९८२ मध्ये व्हेनेरा-१३ तब्बल १२७ मिनिटं टिकलं, त्यानं ४५७ अंश नोंदवले. जिथे यान उतरवता येत नाही तिथे लांबूनच अवरक्त किरण किंवा रेडिओलहरी मोजतात, कारण प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसारच त्या बाहेर टाकते.

७. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते असं वाचलं. मग तेव्हा आपल्याकडे थंडी का?

वाचलंत ते खरं आहे. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटीवर. या फरकामुळे जानेवारीत सगळ्या पृथ्वीला मिळून सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळतं. पण अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल याहून कितीतरी मोठा फरक पाडतो. डिसेंबरअखेर साताऱ्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपासच चढतो आणि दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आधी सांगलीत आणि मग तीन-चार दिवसांनी साताऱ्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्या दुपारी अंगणात सरळ काठी उभी करून बघा, सावली तिच्या बुडाशीच राहते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा सहसा पावसाचे ढग असतात.

८. चंद्र आणि पृथ्वी सूर्यापासून सारख्याच अंतरावर आहेत. मग चंद्रावर एवढी टोकं का?

चंद्रावर हवा नाही आणि तिथला दिवस आपल्या दोन आठवड्यांचा, रात्रही तेवढीच लांब. विषुववृत्ताजवळ दुपारी तापमान १२० अंशांच्या आसपास जातं आणि रात्री उणे १३० च्याही खाली. चांद्रयान-३ च्या चास्टे उपकरणानं ऑगस्ट २०२३ मध्ये जे मोजलं ते मला विलक्षण वाटतं: दक्षिण ध्रुवाच्या बाजूला वरच्या मातीचं तापमान पन्नास अंशांच्या वर, आणि तिथेच आठ सेंटिमीटर खाली उणे दहा! म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंतही नाही, तेवढ्या खोलीत साठ अंशांचा फरक. चंद्राची भुसभुशीत माती उष्णता इतकी कमी वाहून नेते.

९. बुधावर बर्फ आहे ही खरी बातमी की अफवा?

खरी बातमी आहे. बुधाचा अक्ष जवळजवळ सरळ उभा आहे, त्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. आजूबाजूचा उन्हातला भाग तापला तरी ती उष्णता तिथवर वाहून नेणारी हवाही नाही. १९९१ साली रडारला तिथे चमकणारे भाग दिसले आणि २०१२ मध्ये मेसेंजर यानाच्या मोजमापांनी तो पाण्याचा बर्फ असल्याचं पक्कं केलं. शुक्रावर असं होऊ शकत नाही, तिथली दाट हवा कुठलाच कोपरा थंड राहू देत नाही.

१०. बुध आणि शुक्र आपल्या भागातून दिसतात का?

शुक्र सहज दिसतो. पहाटे पूर्वेला किंवा संध्याकाळी पश्चिमेला, चंद्राखालोखाल तेजस्वी. तो इतका चमकतो तो उत्तर ५ मधल्या ढगांमुळेच. बुध मात्र क्षितिजाच्या फार वर येत नाही, आणि सातारा शहरातून पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर आडवा येतो. त्यासाठी खटाव, आटपाडी किंवा जतकडचं मोकळं माळरान उत्तम. दुर्बीण वापरणार असाल तर सूर्य पूर्ण मावळल्यावरच डोळ्याला लावा.

११. मंगळाच्या हवेतही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. मग तो शुक्रासारखा का तापला नाही?

टक्केवारी सारखी असली तरी हवा किती आहे ते बघावं लागतं. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथलं सरासरी तापमान उणे ६० च्या आसपास असतं. हवेमुळे फक्त पाचेक अंशांची भर पडते.

इथे एक विज्ञान शिक्षिका पुढे विचारतात: पण मग दर चौरस मीटरवर नेमका किती कार्बन डायऑक्साइड आहे ते मोजा ना? मोजलं तर मंगळावर पृथ्वीच्या वीसपटीहून जास्त भरतो. तरीही परिणाम कमी, हे खरं अवघड वळण आहे. कारणं दोन. दाब कमी असला की वायूचे रेणू एकमेकांवर कमी आदळतात आणि ते अगदी ठरावीक, अरुंद तरंगलांबींचेच किरण शोषतात, मधल्या फटींतून उष्णता निसटते. पृथ्वीवर दाबामुळे या फटी बुजतात. दुसरं म्हणजे, पृथ्वीवर उष्णता अडवण्याचं सगळ्यांत मोठं काम पाण्याची वाफ करते, आणि मंगळाच्या हवेत ती नावापुरतीच आहे.

१२. मंगळ लाल दिसतो, म्हणजे तो तापलेला असतो का?

नाही. ती लाली लोहाच्या ऑक्साइडची आहे. पाचगणी-महाबळेश्वरच्या पठारावरचा जांभा दगड याच कारणानं लाल असतो. ग्रह फक्त सूर्यप्रकाश परावर्तित करतात, त्यामुळे त्यांच्या रंगावरून तापमान कळत नाही. ताऱ्यांचं कळतं, आणि तिथे लाल म्हणजे उलट थंड: ज्येष्ठा आणि काक्षी हे तांबडे तारे आपल्या सूर्यापेक्षा थंड आहेत.

१३. गुरू-शनीला जमीनच नाही. मग त्यांचं तापमान कुठलं सांगतात?

पृथ्वीच्या जमिनीवर हवेचा जेवढा दाब असतो तेवढा दाब जिथे भरतो, त्या पातळीचं. तिथे गुरूवर सुमारे उणे १०८ आणि शनीवर उणे १३९ अंश असतात. त्याखाली तापमान वाढतच जातं, गुरूच्या केंद्राशी ते हजारो अंशांमध्ये आहे.

गुरू सूर्याकडून शोषलेल्या उष्णतेच्या दुपटीच्या आसपास उष्णता बाहेर टाकतो. ही जादाची उष्णता त्याच्या जन्मापासूनची आहे: प्रचंड वायू स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं आकसला तेव्हा तो तापला, आणि ४५० कोटी वर्षांत अजून निवलेला नाही. गुऱ्हाळावर लहान वडी बघता बघता निवते आणि मोठी ढेप आतून बराच वेळ गरम राहते, तसंच हे. शनीवर याशिवाय आणखी एक गोष्ट घडते. आत खोलवर हेलियमचे थेंब हायड्रोजनमधून खाली बसतात आणि त्या घसरणीतून उष्णता निघते.

१४. नेपच्यून सूर्यापासून युरेनसपेक्षा दीडपट लांब आहे. तरी दोघांचं तापमान जवळजवळ सारखं कसं?

कारण नेपच्यून शोषलेल्या उष्णतेच्या अडीचपटीहून जास्त बाहेर टाकतो, आणि युरेनस मिळालेल्यापेक्षा अगदी थोडीच जास्त. ग्रहांच्या वातावरणातलं सगळ्यांत कमी तापमान, उणे २२४ अंश, हे युरेनसवरच नोंदलं गेलं आहे. युरेनस असा निवलेला का? त्याचा अक्ष ९८ अंश कललेला आहे, म्हणजे तो जवळजवळ आडवा पडून फिरतो. सुरुवातीच्या काळात एखादा मोठा पिंड आदळल्यानं तो आडवा झाला आणि आतली उष्णताही उधळली गेली, असा एक विचार आहे. आतल्या थरांनी उष्णता कोंडून ठेवली असेल, असा दुसरा. तिथे अजून एकच यान गेलं आहे, व्हॉयेजर-२, तेही १९८६ साली. दुसरं यान गेल्याशिवाय यावर वाद मिटणार नाही.

१५. पृथ्वीच्या पोटात लाव्हा आहे. मग आपल्याला मिळणारी उष्णता तिथूनही येते का?

येते, पण फार थोडी. जमिनीतून दर चौरस मीटरला सरासरी ०.०९ वॉट वर येतात. शोषल्या जाणाऱ्या उन्हाची सरासरी २४० वॉट आहे, म्हणजे अडीच हजारपटीहून जास्त. खोल गेलं की खडक तापत जातो हे खरंच आहे. कोयना भागात भूकंपांच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं आहे, एवढ्या खोलीवरचा खडक वरच्या जमिनीपेक्षा बराच गरम असतो. पण वरच्या हवामानावर त्याचा परिणाम शून्याच्या जवळ.

१६. सूर्याशिवाय आणि जन्माच्या उष्णतेशिवाय ग्रह-उपग्रह तापू शकतात का?

हो. गुरूचा उपग्रह आयो बघा. गुरू आणि शेजारचे उपग्रह त्याला सतत ताणतात, त्या पिळवटण्यानं त्याचं अंतरंग वितळतं. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ नं तिथे जागे ज्वालामुखी टिपले.

१७. आपल्याला माहीत असलेला सगळ्यांत गरम ग्रह कोणता?

अशा नोंदी मोडत राहतात, पण २०१७ साली जाहीर झालेला, दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा केल्ट-९बी हा ग्रह आजही अगदी वरच्या रांगेत आहे. त्याच्या उजेडाच्या बाजूला सुमारे ४,३०० अंश तापमान आहे. कित्येक तारे याहून थंड असतात.

इथे एक तुलना करण्यासारखी आहे. केल्ट-९बी त्याच्या ताऱ्यापासून सुमारे ५२ लाख किलोमीटरवर आहे आणि दीड दिवसात त्याची एक फेरी पूर्ण होते. ट्रॅपिस्ट-१बी नावाचा दुसरा ग्रह त्याच्या ताऱ्यापासून फक्त १७ लाख किलोमीटरवर आहे, फेरीही दीड दिवसाचीच. अंतर एक तृतीयांश, तरी २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं मोजलेलं त्याच्या उजेडाच्या बाजूचं तापमान सुमारे २३० अंश भरलं. कारण केल्ट-९ हा सूर्याहून मोठा आणि जवळपास १०,००० अंशांचा तारा, तर ट्रॅपिस्ट-१ एक मंद, लाल, चिमुकला तारा. अंतर विचारण्याआधी तारा कोणता, हे विचारावं लागतं.

१८. पृथ्वी कधी शुक्रासारखी होईल का?

आपण कोळसा आणि तेल जाळून तेवढं होणार नाही. पण शुक्राचं काय झालं असावं, हे समजून घेण्यासारखं आहे. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन आहे, साधारण तेवढाच पृथ्वीवरही आहे. फरक एवढाच, की आपला खडकात बंद आहे.

तो कसा बंद होतो, ते आपल्या डोळ्यांसमोर चालू आहे. महाबळेश्वरला पडणारा पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सह्याद्रीचा काळा कातळ किंचित किंचित विरघळवतो. ते विरघळलेलं द्रव्य कृष्णेतून वाईला, पुढे कोयनेचं पाणी मिळून कराडच्या प्रीतिसंगमावरून, सांगलीच्या घाटावरून बंगालच्या उपसागरात जातं. तिथे शंख-शिंपले आणि सूक्ष्म जीव त्यातून आपली कवचं बनवतात, ती तळाशी साचतात आणि त्यांची चुनखडी होते. काही चुनखडी वाटेतच बनते: रान नांगरताना निघणारे पांढरे खडे हाताशी असतील तर एकावर लिंबू पिळा. फसफसून बाहेर येतो तो कोंडला गेलेला कार्बन डायऑक्साइडच.

या सगळ्याला वाहतं पाणी लागतं. शुक्रावर ते वाफ होऊन वर गेलं, सूर्याच्या अतिनील किरणांनी वाफेचे रेणू फोडले आणि हलका हायड्रोजन अवकाशात निसटला. जड हायड्रोजन मागे राहिला. शुक्राच्या हवेत त्याचं प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटीहून जास्त आहे, हा त्याचाच पुरावा. सूर्य दर दहा-अकरा कोटी वर्षांत सुमारे एक टक्का प्रखर होतो, त्यामुळे शंभर कोटी वर्षांच्या आसपास पृथ्वीवरही ही वेळ येऊ शकते.

१९. मग आत्ता पृथ्वी तापतेय ती सूर्य प्रखर झाल्यामुळेच ना?

नाही. वर सांगितलेला बदल कोट्यवधी वर्षांचा आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्याची प्रखरता सतत मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती एक हजारांश भागानं वरखाली होते, पण एकूण वाढलेली नाही. याच काळात पृथ्वी तापत गेली. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळाआधी दर दहा लाख भागांत २८० होता, आता ४२० च्या वर गेला आहे.

आणखी एक खूण आहे, आणि मला ती सगळ्यांत पटणारी वाटते. सूर्य जास्त तापवत असता तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. मोजमापं वेगळंच सांगतात: खालची हवा तापतेय आणि वीस-पंचवीस किलोमीटरच्या वरची हवा थंड होतेय. कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच होतं. खालची उष्णता अडते, आणि वरच्या विरळ हवेत तोच वायू उष्णता अवकाशात सोडण्याचं काम करतो.